राळेचं मलम

माझी पहिली नेमणूक मानोऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. अकोल्याला नर्सचं शिक्षण झालं होतं. रिसोडच्या आमच्या वस्तीतली पगारावर लागलेली मी पहिली मुलगी. वडिलांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, मानोऱ्यापर्यंत सोबत आले, मला एका बैलगाडीत बसवून दिलं आणि परतीच्या गाडीसाठी फलाटावर जाऊन उभे राहिले.

उपकेंद्र म्हणजे गावाच्या कडेला भाड्याची एक खोली. पुढच्या भागात टेबल आणि औषधांची पेटी, पडद्यामागं माझी खाट आणि स्टोव्ह. गावातल्या बायका रस्त्यात भेटल्या की "कसं काय नर्सबाई?" म्हणायच्या, पण माझ्या ओट्यावर कोणी टेकायचं नाही. आम्ही बौद्ध आहोत हे माझी ट्रंक गाडीतून उतरायच्या आधीच गावाला कळलं होतं. शिवाय ती वर्षं अशी होती की नर्स दिसली की लोकांना नसबंदीच्या ऑपरेशनची धास्ती वाटायची. मी खोकल्याचं औषध घेऊन दारात उभी राहिले तरी घरातला पुरुष मागच्या दारानं निघून जायचा. कधी कधी दिवस मावळताना लक्षात यायचं की आज आपण चार वाक्यंही बोललो नाही. मग मी पेटीतल्या बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचत बसायची.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझ्या टाचा उलल्या. रोजची चार-पाच मैलांची चाल, पायात साधी चप्पल, आणि सुकत चाललेल्या काळ्या मातीची धूळ. आधी पांढऱ्या रेघा दिसल्या, मग त्या खोल गेल्या, मग त्यांतून रक्त येऊ लागलं. पेटीत जखमेवरचं पिवळं मलम होतं. ते लावून मी पट्टी बांधायची, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की भेग पुन्हा उघडायची. लोकांना औषध देणारी बाई स्वतःच लंगडते हे दिसू नये म्हणून गावातून जाताना मी दात आवळून सरळ चालायची आणि शिवाराबाहेर पडले की पाय ओढायची.

माझ्याकडच्या वस्त्यांमध्ये दोन मैलांवरचा एक बंजाऱ्यांचा तांडा होता. दिवाळी झाली की तांड्यातली माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडं जायची आणि होळीला परतायची. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा दारांना कुलपं होती, काही दारांना नुसत्या काट्याच्या फांद्या लावलेल्या. मागं राहिलेली म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. एका अंगणात साठीची एक बाई शेळीला पाला घालत होती. हातभर पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची काचोळी, कमरेत जरा वाकलेली. मी चप्पल काढून सारवलेल्या अंगणात गेले.

"कोन वं?" तिनं विचारलं.

"मी नर्स. घरात कोणी आजारी आहे का, मावशी?"

"घरात मी अन् ह्या शेळ्या. शेळ्याइले सुई टोचतं का?"

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. तिनं मात्र माझ्या पायांकडं पाहिलं.

"लंगडून काहून राह्यली?"

"काही नाही. टाचा उलल्या थोड्या."

"थोड्या! मांगं पाह्य."

मी वळून पाहिलं. सारवलेल्या अंगणात, जिथून मी चालत आले होते तिथं, लाल ठिपके उमटले होते. मी खजील झाले, पदरानं पुसायला खाली वाकले.

"राहू दे ते. बस खाटेवर. पाय दे इकडे."

मी पाय मागं घेतले. "नको, मावशी. तुम्ही मोठ्या आहात, माझ्या पायाला कशाला हात लावता? आणि आम्ही..." बोलता बोलता मी अडखळले. "आम्ही बौद्ध आहोत."

"मंग? बौद्धाइच्या टाचा येगळ्या उलतेत का?" ती म्हणाली. "तू साऱ्याइचे अंग पाह्यतं. तुहे पाय कोन पाह्यते?"

मी खाटेवर बसले.

तिनं चुलीवरचं कोमट पाणी एका पसरट घमेल्यात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि माझे पाय त्यात सोडले. मीठ भेगांत शिरलं तसा जीव कळवळला. थोड्या वेळानं ती पाटावर बसली, माझा पाय उचलून तिनं आपल्या मांडीवर, त्या जाड घागऱ्यावर घेतला आणि गुळगुळीत झालेल्या एका खापरीनं टाचेची मेलेली कातडी घासू लागली. घासायची, पाणी ओतायची, अंगठ्यानं चाचपायची. चार महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. मी लोकांच्या नाड्या पाहत होते, बाळंतिणींची पोटं चाचपत होते, पण माझ्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता, हे मला त्या खाटेवर बसल्यावर कळलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखते का?"

"हो," मी म्हणाले.

तिनं हात हलका केला. मग मोहाच्या बियांचं तेल आणलं. थंडीनं ते तुपासारखं थिजलं होतं. निखाऱ्यावर जरासं पातळ करून तिनं ते भेगांत भरलं, एरंडाचं पान शेकून टाचेवर ठेवलं आणि वरून चिंधी बांधली. "मलम पायजे याच्यावर," ती म्हणाली. "मेन हाये माह्याजवळ. राळ सरली. तू आन, मंग करू."

राळ मानोऱ्याच्या बाजारात मिळाली. किराणा दुकानातल्या जैन शेटजींनी पिवळसर खडे कागदात बांधता बांधता माझ्या पायाची चिंधी पाहिली आणि म्हणाले, "टाचा फुटल्या वाटते. चांगली बारीक कुटा." दुकानात एवढंच बोलणं झालं, तरी परत येताना मला बरं वाटत होतं.

पुढच्या बुधवारी आम्ही मलम केलं. तिनं राळ कुटून फडक्यातून गाळली. लोखंडी पळीत मोहाचं तेल तापवून त्यात मोहळाचं मेण सोडलं, मग राळेची पूड चिमटीचिमटीनं टाकली. सगळं विरघळलं तसं ते थंड पाण्याच्या परातीत ओतलं आणि हातानं फेसायला बसली. पाणी गढूळ झालं की बदलायची, पुन्हा फेसायची. काळपट गोळा हळूहळू पिवळा झाला, मग लोण्यासारखा पांढरा. फेसताना ती बोलत होती. मुलगा, सून आणि दोन नातवंडं उसाला गेली होती. ती स्वतःही नवऱ्यासोबत कितीतरी हंगाम गेली होती. उसाच्या फडात पाय धड राहत नाहीत, म्हणून हे मलम. नवरा वारल्यावर कंबर धरली, मोळी उचलेना, तेव्हापासून ती मागं राहते.

"करमते का तुमाले?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी शिकलेली भाषा आपोआप गळून पडायची.

"करमाले काय लागते," ती म्हणाली. मग परातीतलं पाणी बदललं.

त्या दिवशी मी तिच्या टाचा पाहिल्या. माझ्यापेक्षा कितीतरी वाईट. भेगांत मातीच्या काळ्या रेघा बसलेल्या, एकीत तर काडी उभी राहिली असती.

"अवो, तुमी काहून नाई लावत मलम?"

"माहा हात पुरत नाई तिथलोक. कंबर वाकत नाई तेवढी. सून लावून देते." मग म्हणाली, "आता होळीलेच."

मी घमेलं उचललं, पाणी तापवलं, मीठ टाकलं. ती नको नको म्हणत राहिली, पण पाय तिनं मागं घेतले नाहीत. तिची टाच मी हातात धरली तेव्हा ती उसाच्या मुलखाकडं जाणाऱ्या वाटेकडं पाहत होती.

त्यानंतर प्रत्येक बुधवार तांड्याचा झाला. बंजारे आईला याडी म्हणतात. महिन्याभरात कधीतरी मावशीची याडी झाली. माझ्या टाचा तीन आठवड्यांत भरून आल्या, तरी मी जात राहिले. एकदा खोटंच सांगितलं की डाव्या टाचेला अजून ठणकतं. तिनं पाय उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यानं दाबला, "बरी झाली हाये," म्हणाली, आणि तरीही मलम लावलं.

होळीच्या आधी माणसं परतली. मी गेले तर तांडा ओळखू येईना. पोरं धावत होती, बायका गात होत्या, चुली पेटल्या होत्या. याडीच्या मांडीवर नात बसली होती आणि सून तिच्या पायाशी. याडीचा चेहरा असा फुलला होता की मी तसा कधीच पाहिला नव्हता. तिनं मला हाक मारली, सुनेला सांगितलं, "नर्सबाईले च्या कर." मला एकुलत्या खाटेवर बसवलं, त्यावर धुतलेली चादर टाकली. सून अदबीनं बोलली, मुलगा दूर उभा राहिला. मी नातीचं वजन विचारलं, ताप येतो का विचारलं, चहा घेतला आणि उठले. वाटेत स्वतःचीच लाज वाटली. त्या तांड्यातल्या प्रत्येक घरानं होळीची वाट पाहिली होती. ती येऊच नये असं वाटणारी मी एकटीच असेन.

पावसाळ्यात मी मोजून दोनदा गेले. याडी पेरणीत, नातवंडांत गुंतलेली असायची.

पुढच्या दिवाळीनंतर थंडी पडली तशी मी राळ घेऊन तांड्यावर गेले. याडीच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती. शेळ्या नव्हत्या. शेजारच्या अंगणात एक म्हातारा उन्हाला बसला होता.

"सुनेले लेकरू झालं," तो म्हणाला. "सांभायाले नेली संग. शेळ्या इकल्या."

"काही सांगून गेली का?"

"कोनाले?" त्यानं विचारलं.

त्यानं ते अगदी सरळपणे विचारलं होतं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी खोलीवर दोनदा मलम करून पाहिलं. पहिल्यांदा मेणबत्तीसारखं कडक झालं, दुसऱ्यांदा पाण्यात फुटून त्याचे कण कण झाले. मेण किती, तेल किती, किती वेळ फेसायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेजारी बसून नुसती तिचं बोलणं ऐकत होते.

उन्हाळ्यात माझी रिसोडच्या बाजूच्या मालेगावकडं बदली झाली. तिथला दवाखाना मोठा होता, सोबत आणखी दोन नर्स होत्या, संध्याकाळी खोलीत बोलणं-हसणं असायचं. निघण्याआधी तांड्यावर एकदा जाऊन यावं असं मनात होतं. होळी होऊन गेली होती, उसाची माणसं परतली असणार होती. पण चार्ज द्यायच्या गडबडीत ते राहून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. वेळ होता. त्या भरलेल्या अंगणात धुतलेल्या चादरीवर पुन्हा पाहुणी होऊन बसायचं मला जमलं नसतं, म्हणून मी गेले नाही.