कासमभाऊंनी मला अडवलं होतं

सोमाटण्याहून निरोप आला तेव्हा मी भाताचं बी निवडत बसलो होतो. "कासमभाऊ गेले." सूप हातातच राहिलं... या माणसाशी मी सहा वर्षं अबोला धरला होता, आणि आता त्याच्या एका शब्दासाठी जीव तुटतो.

मागच्या मोठ्या लढाईच्या काळात आम्ही मुंबईच्या गोदीत जहाजाच्या पत्र्यांना रिबिटं, म्हणजे भट्टीत तापवलेले खिळे, मारायला होतो. थोरला भाऊ धोंडूदादा, मी आणि आमचे मुकादम कासमभाऊ. वराळ्याहून आम्हा दोघांना त्यांनीच नेलं होतं. एके दुपारी जहाजाच्या तळातली, कित्येक महिने बंद असलेली टाकी उघडली. "बंद टाकीत गंज हवा खातो. उद्यापत्तुर कुणी उतरू नका," म्हणून कासमभाऊ साहेबाकडं मुदत मागायला गेले. साहेबाची घाई सगळ्यांना ठाऊक होती. धोंडूदादा तेवढ्यात उतरला. अर्ध्या शिडीवरच त्याचे हात सुटले.

मी आत झेपावणार, तोच कासमभाऊंनी धावत येऊन मागून मिठी घातली. मी त्यांच्या दंडाला कडकडून चावलो.

"सोडा! माझा भाऊ हाय तितं!"

"माझाबी हाय, सखा. पर आत हवा न्हाई. तू गेलास तर दोन मढी काढावी लागतील."

भट्टीचा पंखा आणून त्यांनी नळीनं आत हवा सोडली, मग कमरेला दोर बांधून पहिले तेच उतरले. दादाला वर आणलं... पण उशीर झाला होता.

घरी आईनं एवढंच विचारलं, "तू कुटं व्हतास?" मी म्हणालो, "कासमभाऊंनी धरून ठेवलं." त्या वाक्यानं गावानं त्यांना गुन्हेगार ठरवलं. गोदी सोडून तेही सोमाटण्याला परतले. तळेगावच्या बाजारात दिसले की मी तोंड फिरवायचो. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

सहा वर्षांनी आमची जुनी, झाकून ठेवलेली विहीर उपसायची होती. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. मी दोर धरून उतरणार, तोच ते घामाघूम होऊन पोचले. त्यांनी कंदील पेटवून आत सोडला. तो निम्म्यातच विझला. आई काठावर उभी होती. ती त्यांच्याजवळ गेली, दंडावरचा व्रण बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "भाकरी खाल्ल्याबिगर जायचं न्हाई."

जेवताना मी विचारलं, "मी वरडत व्हतो, मला काय ऐकू आलं न्हाई. दादाची हाक आली व्हती का?"

"व्हय," ते म्हणाले. "एकदाच. तुला धरून ठेवनं लय जड गेलं रं..."

त्यानंतर आंबी, वराळे, कुठंही विहीर उपसायची असली की त्यांना बोलावणं जाई. ते गेल्यावर, या उन्हाळ्यात लोक माझ्याकडं आले. परवा कंदील तळाशी नीट जळत होता. माणसं म्हणाली, "उतरू का?" मी म्हणालो, "जरा थांबा." थांबण्याचं काही कारण नव्हतं. सोमाटण्याच्या वाटेवर मला कासमभाऊंसारखी कुणाची तरी चाल दिसल्यासारखी वाटली होती.