चौथं पिल्लू

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या सरांनी एखाद्या जंगली प्राण्याच्या कुटुंबाचं निरीक्षण लिहून आणायला सांगितलं. मी बारामतीच्या वसतिगृहातून कळसजवळच्या आमच्या वस्तीवर आलो. माळावर लांडगीनं बीळ केलंय, हे माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, आधीच हेरलं होतं. त्यांच्या मेंढरांतलं एक कोकरू गेलं होतं. बिळाच्या तोंडाशी दगड रचून ते बुजवायचं त्यांनी ठरवलं होतं. मी आठ दिवस मागितले.

"आठ दिवस म्या लांडग्याला जेवाण घालू व्हय? कालेजात ह्येच शिकवत्यात?"

पण ते थांबले. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून थांबले.

सहा दिवस मी लांबून बघितलं. नर पोटात आणलेलं मांस पिलांपुढं ओकायचा. आई गेली की एक तरणा लांडगा राखणीला बसायचा. पिलं मात्र नीट मोजता येईनात. सातव्या दिवशी मोठे लांडगे दिसेनात, तेव्हा मी थेट बिळापाशी गेलो. अंगावर तात्यांची घोंगडी घेतली होती. मेंढरांच्या वासात माणसाचा वास लपेल, अशी माझी समजूत. वाकून मोजली. चार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडगी एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्याकडं नेऊ लागली. माझ्यामुळंच ती बीळ सोडत होती. तीन नेली आणि मग आलीच नाही. चौथं बिळाच्या तोंडाशी बसून कुंईकुंई करत होतं. तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे, तात्या आले.

"एकच ऱ्हायलंय," मी म्हणालो. "जरा थांबा."

"तुज्या परीक्षेसाठी?"

"न्हाय."

ते शेजारी उकिडवे बसले. ऊन वर आलं. पिल्लू गप्प झालं, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. मग नर आला. त्यानं पिल्लाला कमरेत धरलं. ते सुटून पडलं. त्यानं पुन्हा धरलं.

"बाप हाय. सवय न्हाय त्येला," तात्या हळूच म्हणाले.

नर ओढ्यात उतरून दिसेनासा झाला. तात्या उठले, पण बिळाकडं गेले नाहीत. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आमच्याच मेंढरांचा वाडा होता. लांडगे आता त्याच्याजवळ गेलेत, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चल, वाडा हलवाय पायजे. बारकी कोकरं तू घे."

दुपारी जाळी गुंडाळून, मेखा उपटून आम्ही निघालो. दोन कोकरं माझ्या काखेत होती. मी सारखा मागं वळून ओढ्याकडं बघत होतो, आणि तात्या चालता चालता मेंढरं मोजत होते.