मागाला बांधलेली दोरी

"तुमची मुलगी वेडी नाही, आणि तिच्या अंगात बाहेरचं काही शिरलेलंही नाही," डॉक्टर म्हणाले. "याला हायपरकायनेटिक म्हणतात."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातली ती खोली. माझी मंदा तेव्हा टेबलाखाली शिरून त्याच डॉक्टरांच्या बुटाची लेस सोडून राहिली होती. सहा वर्षांची पोर. डॉक्टरांनी पाय हलवला नाही, तिथेच माझा त्यांच्यावर भरवसा बसला.

हायपरकायनेटिक म्हणजे काय, ते त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अशा लेकराच्या मेंदूत लगाम उशिरा लागतो. मनात आलं की हातून झालंच, मधे थांबायला जागा नसते. पोरगी मुद्दाम करत नाही. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले.

कशातून सुटले, ते सांगायला हवं. आमचं घर पवनीतल्या विणकरांच्या गल्लीत. आमच्याकडे बाई बाळंतपणानंतर मागावर बसली की पाळण्याची दोरी मागाच्या पायफळीला बांधते. पाय विणतो आणि पाळणाही हलतो. मीही तसंच केलं. मंदा चालायला लागली ती थेट पळायलाच लागली. भिंतीवर चढणं, चावणं, चुलीवरचं भांडं ओढणं. शेजारणी म्हणाल्या, मागाचा झटका उतरला पोरीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पक्कं धरलं. त्यांनी दोरी स्वतःच्या हाताने कापून चुलीत घातली आणि तेव्हापासून आल्यागेल्याला सांगत, सुनेने कामाच्या हव्यासाने पोर मागाला बांधली.

खरं सांगते, मलाही तेच वाटायचं. मंदाने कोणाला चावलं की मला माझा पाय दिसायचा, फळी दाबणारा.

एकदा तिने अंगणातला तयार ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, विळीने सरळ कापला. शाळेत घातली तर गुरुजींनी महिन्याभरात घरी पाठवली. मग आत्याबाईंनी नदीपलीकडच्या एका बाबाचं ठिकाण काढलं. तिथे अशा लेकरांना खांबाला बांधून ठेवत, बाधा उतरेपर्यंत. कधी उतरणार, कोणी सांगत नव्हतं. मंदाचे फ्रॉक पिशवीत भरून झाले होते. मंदाचे बाबा आईपुढे कधी बोलत नसत. पण त्या दिवशी म्हणाले, एक डाव नागपूरला दाखवू, मग तू म्हणशील तसं. म्हणून आम्ही एसटीत बसलो.

ई.ई.जी. नावाची तपासणी झाली. डोक्याला तारा चिकटवतात आणि मेंदूचं काम कागदावर रेघांनी उमटतं. दुखत नाही, पण पडून राहावं लागतं, आणि आमची बाई पडून राहणार! पहिल्या खेपेस तारा उपटून पळाली. आम्ही बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसलो. लोक बघायचे. मीही त्यांच्याकडे बघायची. शेवटी तिचं डोकं मांडीवर घेऊन मी पायाने ठेका धरला, मागाचा. मग ती निवली आणि तिने तारा लावू दिल्या.

तपासणीत काही वाईट निघालं नाही. तेव्हा मी धीर करून दोरीचं विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, सगळं नीट समजून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गल्लीतली बाकीची मुलं कशी वाढली?"

मी म्हटलं, तशीच. दोरीवरच.

"मग?"

एवढंच बोलले. बाई गं, एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नव्हती.

त्यांनी सांगितलं ते माझ्यासारख्या दुसऱ्या आयांसाठी लिहिते. एका वेळी एकच काम सांगा. केलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या. मारू नका, बांधू नका. हालचालीचं काम द्या. वयाबरोबर पुष्कळ मुलांचं कमी होतं, पण पूर्ण जाईलच असा शब्द त्यांनी दिला नाही. खोटी आशा न दाखवल्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

घरी आलो. आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, डॉक्टरले मागातलं काय समजते? पिशवी दारातच होती. मी ती उचलली आणि फ्रॉक परत दांडीवर टाकले.

"आत्याबाई, पोरगी कुठी जात नाही," मी म्हटलं. "न्याचीच असंन तं मलेबी तिच्या बाजूच्या खांबाले बांधा."

सासूपुढे मी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. मंदाचे बाबा उठले आणि पिशवी खुंटीला अडकवून आले.

आता काम काय द्यायचं? आमच्या गल्लीत सकाळच्या उन्हात ताणा गल्लीभर लांब पसरतात आणि त्याला कुंच्याने खळ लावतात. खळ वाळायच्या आत तुटलेले धागे शोधून जोडावे लागतात. त्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं पळावं लागतं. बाकीची पोरं कंटाळून गोट्या खेळायला जातात. मी मंदाला म्हटलं, धाग्याला हात लावायचा नाही. तुटलेला दिसला की मला हाक मारायची, एवढंच तुझं काम.

जिने ताणा कापला तिलाच ताण्यावर सोडली म्हणून आत्याबाई ओट्यावर पाठ करून बसल्या. पुन्हा कापला असता तर मला काही बोलायला तोंड उरलं नसतं. मंदा पळाली, वळली, पुन्हा पळाली. मग गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाहून तिची हाक आली, "माय, तुटलं इथं!" जाऊन बघते तर खरंच तुटलेलं. मी तिचा मुका घेतला, चारचौघांत.

हे वाचून कोणाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. छे! पुढच्याच आठवड्यात तिने खळीचा डबा शेजारणीच्या डोक्यावर ओतला. शाळेत पुन्हा घेतली, ती गुरुजींच्या अटीवर, की आईने बाहेर बसायचं. बसले. चरखा घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात बसले आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरत राहिले. ती उठून पळाली की फळा पुसायला लावायचा, पाणी आणायला धाडायचं, हे गुरुजीही हळूहळू शिकले. लोक हसले. हसोत बापडे, कांड्या तर भरून झाल्या!

वर्षं गेली. चावणं सुटलं, पळणं राहिलं. मॅट्रिकला एकदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. गल्लीत कोणाचाही ताणा पसरला की आधी मंदाला बोलावणं यायचं, आणि मी दारात उभी राहून ऐकायची. गर्व म्हणा, आहेच मला.

मंदा मॅट्रिक झाली त्याच वर्षी माझ्या धाकट्या जावेला मुलगी झाली. जाऊ मागावर बसायला लागली, पण पाळणा दूर कोपऱ्यात ठेवायची. आमच्या घरात ती दोरी पुन्हा कोणी बांधली नव्हती. एका सकाळी आत्याबाई हातात नवी दोरी घेऊन आल्या. पाळणा स्वतः मागाजवळ ओढला, खाली वाकल्या आणि दोरी पायफळीला बांधू लागल्या. जाऊ घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"आत्याबाई, झटका उतरंन नं पोरीत," मी म्हटलं. राहवलंच नाही मला.

त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली. बाहेर गल्लीत मंदा कोणाच्या तरी ताण्यावर पळत होती, तिचा आवाज आत येत होता.

"उतरू दे," त्या म्हणाल्या. "मंदीसारखी निंगली तं वाईट काय हाये?"