तीन जागी लिहिलेली दोन मिनिटं

मुरबाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्याच्या एका गाळ्यात मी चिप जाळायचे. चिपमध्ये विजेने आकडे लिहिणं, एवढाच त्याचा अर्थ, पण गाळ्यात सगळे त्याला जाळणंच म्हणत. सासूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पगार देऊन जाळाया लावतात? मंग आमी रोज चूल पेटवतो, आमाला कोन काय देत नाय तो!"

आमच्या गाळ्यात पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनत. बटण दाबलं की पंप सुरू, ठरलेला वेळ झाला की बंद. तो ठरलेला वेळ चिपमध्ये असायचा. नमुन्याच्या चिपला वर काचेची खिडकी असे, खास दिव्याखाली ठेवली की लिहिलेलं पुसलं जाई. विकायच्या मालात मात्र शेठ बिनखिडकीची चिप घालत, स्वस्त पडते म्हणून. तिच्यात एकदा लिहिलं की लिहिलं. उष्णतेनं किंवा विजेच्या झटक्यानं एखादी नोंद बिघडू शकते, म्हणून मी प्रत्येक आकडा तीन वेगवेगळ्या जागी लिहायचे. कंट्रोलर तिन्ही जागा वाचायचा आणि त्यांतल्या दोघी जे सांगतील ते खरं धरायचा. तिसरी बहकली तर नुसता लाल दिवा लागायचा, काम अडायचं नाही. युक्ती पुस्तकातली होती, पण आमच्या मालात ती मी आणली होती आणि मला तिचा भारी तोरा होता. आमच्या गावकीत जो मोठ्यानं ओरडेल त्याचं खरं ठरतं; निदान माझ्या चिपमध्ये तरी बहुमत चालतं, असं मी येता-जाता ऐकवायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या पाड्याला नळाची योजना मंजूर झाली. पाडा तानसाच्या बाजूला. तलावाचं पाणी जाडजूड पाइपांतून मुंबईला जातं, आणि आमच्या बायका त्याच पाइपांच्या कडेनं डोक्यावर हंडे घेऊन टेकडीखालच्या विहिरीवर जातात. सासूचे गुडघे गेले होते. दिवसा घरात हंडा उचलणारं दुसरं कोणी नव्हतं. मी मुरबाडला आणि नवरा आसनगावहून कल्याणला कामाला. नळ आला की तिची ती चढण सुटणार होती. कंट्रोलर आमच्याच गाळ्यातून जाणार हे कळल्यावर ती पाडाभर सांगत सुटली, "आमचे सुनंचे हातचा पानी येनार हाय."

पण आपल्याकडे पाणी आधी पाहुण्यांना येतं, मग गावाला. उद्घाटनाला मोठे साहेब येणार असं ठरलं, तेव्हा ठेकेदार गाळ्यात आला आणि शेठना म्हणाला, "साहेबांनी बटण दाबलं की धो धो पाणी आलं पाहिजे. आणि दोन मिनिटांत आपोआप बंद झालं पाहिजे. मंडपात चिखल होऊन साहेबांचे बूट भिजले तर माझं बिल गेलंच समजा."

टाकी भरायला पंप तासन् तास चालावा लागतो. मी म्हटलं, खिडकीवाली चिप लावू, कार्यक्रम झाला की पुसू. खिडकीवाल्या संपल्या होत्या.

"साधी जाळ," शेठ म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बदलू."

"शेठ, मग निदान एकाच जागी लिहिते."

"आणि नेमकी त्याच दिवशी बिघडली तर? तीन जागी लिही. साहेब येणार आहेत."

साहेब आले, अर्थातच उशिरा आले. बटण दाबलं, पाणी आलं, फोटो निघाला, दोन मिनिटांत पाणी थांबलं आणि बूट कोरडे राहिले. टाळ्या पडल्या. मंडप सुटायच्या आत इंजिनियर साहेबांनी कंट्रोलरच्या पेटीला शिशाचं सील ठोकलं, काम पूर्ण झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी चिप बदलायला कोणी फिरकलं नाही. मी शेठच्या मागे लागले, तर म्हणाले, "सील सरकारचं आहे. आता मी हात लावला तर मी आत. पंप चालतोय ना?"

चालत होता, दोन मिनिटं. टाकी कधी भरायचीच नाही. पाणी पाइपातून चढून येण्यातच बराचसा वेळ जाई, आणि हंडा भरत येई तोवर पंप बंद. मग मोटर तापू नये म्हणून थोडा वेळ बटण काम करत नसे; तीही काळजी आम्हीच घेतली होती. बायका रांगेत उभ्या राहत आणि आपली पाळी आली की बटण दाबत. पाड्यात त्याला उद्घाटनच म्हणू लागले. "जरा उद्घाटन करून येतंय गो," असं सांगून सासू घरातून निघायची. त्या एका हंड्यात घर भागत नसे. उरलेल्या पाण्यासाठी तिची टेकडी तशीच राहिली.

मी बरोबर वेळ लिहिलेली नवी चिप जाळून आणली आणि काळ्या स्पंजात खोचून फडताळात ठेवली. पण सील फोडायला पाडा तयार होईना. सरपंच म्हणाले, "केस होईल, लाइट कापतील. आता दोन मिन्टं तरी येतंय, मंग तेवढाबी नाय येनार." माझा संताप व्हायचा, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग एका वळवात पंपाजवळच्या खांबावर वीज पडली. सकाळी पेटीवरचा लाल दिवा लागलेला. बिघाडाचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. सासूनं देवापुढे साखर ठेवली. तक्रार गेली, आणि नवल म्हणजे इंजिनियर साहेब आलेसुद्धा. त्यांनी स्वतःच्या हातानं सील तोडलं. मी नवी चिप घेऊन शेजारी उभी, माझ्यामागे सासू, तिच्यामागे सगळ्या बायका.

साहेबांनी बटण दाबलं. पंप सुरू झाला आणि दोन मिनिटांनी बंद पडला.

"चालू आहे की."

"साहेब, लाल दिवा बघा. तीनपैकी एक नोंद जळालीय."

"बाकीच्या दोन?"

"त्या शाबूत आहेत."

"मग झालं तर. बंद पडलं असतं तर बदललं असतं. चालू असलेलं काय म्हणून बदलू? मंजूर नमुन्याप्रमाणे बरोबर चाललंय."

"पण दोन मिनिटांत टाकी भरत नाही, साहेब," म्हणत मी चिप पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. नवं सील ठोकलं, हात पुसले आणि जीपमध्ये बसता बसता कौतुकानं म्हणाले, "तुमच्या कंपनीचा माल मजबूत आहे हो, बाई. वीज पडली तरी हलला नाही."

जीप गेली. रडू येत होतं, पण एवढ्या बायकांसमोर रडायची लाज वाटली. सासूनं चुंबळ डोक्यावर ठेवली, रिकामा हंडा उचलला आणि टेकडीच्या वाटेला लागली. चार पावलं जाऊन ती मागे वळली.

"पुढले टायमाला," ती म्हणाली, "येवढा मजबूत नको करू गो."