घुबडानं उचललेला दगड

नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरचं बटण तिनं पहिल्यांदा आत सरकवलं, तेव्हा तिला वाटलं कापड सैल पडलं असेल. दुसऱ्यांदा सरकवायची वेळ आली तेव्हा सुई हातात तशीच राहिली. कापड असं सैल पडत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? सगळा जन्म दुसऱ्यांचे कपडे सरळ करण्यात गेलेला. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, साहेबांचे कोट. लाँड्रीत तिला सगळे ‘इस्त्री’ म्हणत. गल्लीतही तेच नाव, पण वेगळ्या कारणानं. नळावर कोणी रांग मोडली, कोणी बायकोवर हात उचलला, की ही जायची आणि त्याच्या सगळ्या सुरकुत्या काढून यायची. त्या बाईला आता आपल्याच घरातला माणूस दिवसेंदिवस आक्रसताना दिसत होता, आणि भांडायचं कोणाशी तेच कळत नव्हतं.

सासूबाईंना मात्र सगळं कळलं होतं.

“मान बघ त्याची,” कोपऱ्यातल्या खाटेवरून त्या म्हणाल्या. “निम्मा झिजला असेल एव्हाना.”

“काय झिजला?”

“दगड. त्यालाच विचार की.”

त्याच्याकडून ते काढून घ्यायला दोन जेवणं आणि एक भांडण लागलं. तो पॉलिशवाला. स्वयंपाकघराचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, दुकानांच्या दर्शनी लाद्या कापून आल्या की हातमशीननं त्यांच्या कडा घासायच्या. इतक्या, की डोळे मिटून बोट फिरवलं तर कड कुठं संपली ते सांगता येऊ नये. पत्र्याची लांबलचक शेड, वर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, आणि एका कैचीच्या कोपऱ्यात एक घुबड. पांढऱ्या तोंडाचं. दिवसभर डोळे मिटून बसलेलं, मशीनच्या कल्लोळाचं त्याला काही नाही. एका सकाळी नुकत्याच चमकवलेल्या काळ्या ओट्यावर वरून त्याचा पांढरा सडा पडला. पॉलिशवाल्याचं डोकं फिरलं. पायाजवळचा दगडाचा एक तुकडा उचलला आणि दिला भिरकावून. लागला नाही. पत्र्यावर आपटून मागच्या अंगाला पडला. घुबड उठलं आणि त्याच अंगाच्या झरोक्यातून बाहेर गेलं. आणि तेवढ्या गदारोळात कोणीतरी ओरडलं, “उचलला रे त्यानं!”

झालं. घुबडाला दगड मारू नये, हे शेडमधल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक. घुबड तो दगड उचलून नेतं म्हणे. पाण्यात भिजवतं आणि घासत बसतं. दगड जसा झिजतो तसा मारणारा झिजतो. दगड संपला की माणूस संपला. पॉलिशवाला तेव्हा हसला होता. पण दुसऱ्या दिवशी घुबड परत येऊन आपल्या जागी डोळे मिटून बसलं, आणि त्या दिवसापासून याचं लक्ष मशीनवर कमी आणि कैचीवर जास्त.

“अहो, खोकताय तुम्ही किती महिने झाले,” ती म्हणाली. “दगड मारायच्या आधीपासून खोकताय. दवाखान्यात चला.”

“खोकला शेडमध्ये सगळ्यांनाच आहे. तो धुळीचा. हे वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“आतून काहीतरी कमी होतंय,” तो म्हणाला, आणि ताटातला घास तसाच ठेवून उठला. “डॉक्टर काय करणार? घुबडाच्या चोचीतून काढून आणणार?”

तो फार बोलणारा नव्हता. तो एवढं धड बोलला, यावरूनच तिनं काय ते ओळखलं.

त्यानंतर तिला जिकडे तिकडे घुबडं दिसायला लागली. आधीपासून होतीच ती, पण कोण बघतं? लाँड्रीच्या मालकीणबाईंच्या टेबलावर गल्ल्याशेजारी चिनी मातीचं एक होतं, धंद्याला बरकत येते म्हणून. समोरच्या शाळेच्या फाटकावर सिमेंटचं एक होतं, चष्मा लावलेलं, म्हणजे विद्या. धाकट्या दिराच्या टेम्पोच्या पाठीवर दोन पिवळेधमक डोळे रंगवलेले, नजर लागू नये म्हणून, तेही घुबडाचेच. एकच पक्षी. कोणाच्या घरी पैसा, कोणाच्या घरी अक्कल, आणि सासूबाईंच्या तोंडी मरण. त्या पक्ष्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा, तुझं म्हणणं काय?

“बाई,” कोटाच्या बाह्या दाबता दाबता तिनं मालकीणबाईंना विचारलं, “घुबड चांगलं की वाईट?”

“ते कोणाकडे तोंड करून बसलंय त्यावर असतं,” मालकीणबाई हिशेबी हसल्या.

“म्हणजे तुमच्याकडे तोंड केलं की धंदा, आणि आमच्याकडे केलं की तिरडी. छान आहे.”

“तुझी इस्त्री तापली वाटतं.”

“माझी थंड कधी होती?”

हसली खरी, पण त्या दिवशी तिच्या हातून एका पांढऱ्या बाहीवर डाग पडला. इतक्या वर्षांत पहिला.

घरी त्याचं खाणं निम्म्यावर आलं. झोपेत तो बोटांची चाळवाचाळव करायचा, जणू हातातून काही निसटतंय. सासूबाई त्याच्या उशाशी बसून काहीबाही पुटपुटायच्या आणि मध्येच सुस्कारा टाकायच्या. ‘आई, तो सुस्कारा तेवढा बाहेर जाऊन टाका,’ असं तिच्या जिभेवर यायचं. मग दिसायचं की म्हातारी त्याच्या पांघरुणाचं टोक घट्ट धरून बसलीय. पोटच्या पोरासाठीची भीती होती ती. तिच्याशी कसं भांडणार?

शेवटी तिनं डोकं चालवलं. दवाखान्याचं तो ऐकत नाही, दगडाचं ऐकतो. ठीक आहे. दगडच आणते.

जेवणाच्या सुट्टीत ती शेडवर गेली. मशीन बंद होत्या, तरी हवेत पांढरं धुकं लोंबकळत होतं. पॉलिशवाले भिंतीला टेकून डबे खात बसले होते, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकाखाली पांढरी रेघ.

“या वहिनी,” त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला सगळे ‘काका’ म्हणत, तो म्हणाला. “आमच्यातलं घुबड कोणतं ते ओळखून दाखवा.” स्वतःच्याच विनोदावर हसला आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की डब्याचं झाकण मांडीवरून खाली गेलं.

नवऱ्याची नजर चुकवून ती मागच्या अंगाला गेली. तिथं तुकड्यांचा ढीगच होता. हजारो. त्यातला त्याचा कोणता, हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. तिनं मुठीत मावेल असा एक काळा तुकडा उचलला, पदराला पुसला, आणि पुढं येऊन सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवला.

“हा घ्या तुमचा दगड. झरोक्याच्या खाली पडला होता. उचलला बिचलला काही नाही त्यानं. कोरडा ठणठणीत आहे.”

त्यानं दगड उलटा सुलटा केला. तिच्या डोळ्यात बघितलं. ती इस्त्रीच, डोळ्याची पापणी हलू दिली नाही.

“हाच होता,” तो हळूच म्हणाला.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. सासूबाईंनी दगड फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर डब्यामागे ठेवला, पाणी लागू नये म्हणून. घरात हसणं परत आलं. चाल चांगली लागू पडली म्हणून इस्त्री मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. मग ती म्हणाली, “आता सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन येऊ.”

“आता कशाला?” तो म्हणाला. “दगड घरी आहे ना.”

आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा दिसलं. भीती होती तोवर निदान तो आपल्याला काहीतरी झालंय हे मानत तरी होता. ती भीतीच तिनं काढून घेतली. आता तो बरा होता. बरा होता म्हणून जास्तीची पाळी घेत होता. आणि शर्ट तसाच सैल होत चालला होता. तिनं आता बटण सरकवणं सोडून दिलं, हातच धजेना.

खोटं सांगितलं म्हणून कबूल करावं, तर तो परत खाणं सोडणार. गप्प बसावं, तर हसत हसत संपणार. लाँड्रीत ती चादरीच्या घड्या मोडून परत घालायची आणि मालकीणबाई लांबून बघत राहायच्या.

एका रविवारी ती बाजाराची पिशवी घेऊन वर येत होती, तर तो जिन्यात बसलेला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, कठड्याला डोकं टेकून. ओठ जांभळट. छाती भात्यासारखी चाललेली, पण आत काही जात नव्हतं.

“जरा टेकलो,” तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्यानं.

ती त्याला वळसा घालून वर गेली. दार उघडून सरळ फळीशी गेली, डब्यामागचं फडकं ओढलं, सोडलं, आणि दगड पाण्याच्या बादलीत टाकला.

“अगं, अगं, काय करतेस,” सासूबाई खाटेवरून उठल्याच. तो धापा टाकत दारात येऊन उभा राहिला होता. तिनं भिजलेला दगड बाहेर काढला, मोरीच्या खडबडीत कठड्यावर ठेवला आणि घासायला सुरुवात केली. खर्र. खर्र. कपड्याची कड दाबावी तसा सगळा भार मनगटावर देऊन.

“वेडी झालीस का?” त्याचा आवाज फाटला. “ठेव तो.”

“नाही ठेवत. दगड माझ्याकडे आहे, म्हणजे घुबड आता मी. तुम्ही दवाखान्यात जायला खालच्या त्या टेम्पोत बसेपर्यंत मी घासणार. उद्या घासणार, परवा घासणार. बघा तुमचं काय ते.”

“सूनबाई, पाया पडते तुझ्या.”

“माझ्या नका पडू आई, त्यांच्या पडा. त्यांना सांगा चप्पल घाला म्हणून.”

काळं पाणी मोरीत वाहत होतं. तिचा हात थांबत नव्हता, आणि आत कुठंतरी, हे सगळं खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या जागीसुद्धा, प्रत्येक घासण्याबरोबर तिचं काळीज लकलकत होतं. न जाणो. म्हणून ती डोळे वर करून त्याच्याकडे बघत होती, उभा आहे ना, आहे ना अजून उभा.

त्यानं चप्पल घातली.

खाली दीर टेम्पो पुसत होता. “काय वहिनी, दादाला कुठं पोचवायचंय? घासून गुळगुळीत दिसतोय,” तो म्हणाला. मग दोघांचे चेहरे बघितले आणि गाडी सुरू केली.

सरकारी दवाखान्यात रविवारी एकच डॉक्टरीण होती. पोरगेलीशी, डोळ्यांखाली काळं, पण हात धीराचे. तिनं छाती ऐकली. पाठ ऐकली. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं, आणि काळी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिली.

“काय काम करता?” डॉक्टरणीनं विचारलं.

“दगड घासतो,” तो म्हणाला.

“वर पाणी सोडून, की कोरडा?”

“आधी पाण्याची नळी होती. चिखल होतो, गटार तुंबतं म्हणून मालकानं काढली. आता कोरडाच.”

डॉक्टरणीनं फिल्म खाली ठेवली. “ती भुकटी आत जाऊन बसली आहे,” ती म्हणाली. “गेलेली परत निघत नाही, हे खोटं कशाला सांगू? पण उरलेली छाती उरवता येईल. त्या शेडमध्ये परत जायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. थुंकीही तपासायला द्या, अशा छातीत क्षयही घर करतो. त्याला औषध आहे.”

तो फिल्मकडे बघत राहिला. तिथं त्याच्या बरगड्यांच्या मधे पांढरे ठिपके होते, पीठ सांडावं तसे. इस्त्रीला वाटलं होतं, आपण जिंकू तेव्हा दोन शब्द सुनवू. त्याऐवजी तिनं त्याची बाही सरळ केली, जी आधीच सरळ होती.

“मग ते घुबड?” बाहेर आल्यावर तो म्हणाला.

“तो दगड तुमचा नव्हताच,” ती म्हणाली. “ढिगातला कुठलाही उचलला मी.”

त्यानं फिल्म काखेत धरली आणि टेम्पोत चढला. मग भावाला म्हणाला, “टेम्पो शेडकडून घे.”

“अहो, आताच काय सांगितलं बाईनं.”

“आत जात नाही. फाटकातून बोलतो.”

ऑर्डर अडली होती म्हणून रविवारीही शेड चालू होती. दिरानं भोंगा वाजवला. काका बाहेर आला, मागून आणखी दोघं, पांढऱ्या पापण्या मिचकावत. पॉलिशवाल्यानं टेम्पोतूनच फिल्म उजेडाकडे धरली आणि त्याला जमेल तेवढं सांगितलं. नळीचं सांगितलं. भुकटीचं सांगितलं. मधे दोनदा दम लागला, तेव्हा राहिलेलं इस्त्रीनं पुरं केलं, आणि मालकाला काय काय म्हणायचं तेही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ते दोघं एकमेकांकडे बघून गालात हसले. “डॉक्टर लोकांना काय, काहीतरी सांगायलाच लागतं,” एक जण म्हणाला. “दगड मारला होतास हे सांगितलंस का तिला?”

काका हसला नाही. तो फिल्मच्या जवळ आला, पांढरं बोट त्या ठिपक्यांवरून फिरवलं, मग तोच हात आपल्या छातीवर ठेवला. तिला त्याच्या श्वासाची शिटी तिथपर्यंत ऐकू येत होती.

“पण वहिनी,” तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “मी तर कधी घुबडाला दगड मारला नाही.”

तिनं टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडलं.

“बसा काका,” ती म्हणाली. “ती डॉक्टरीण अजून गेली नसेल.”