वाळूतलं इंग्लंड आणि हातावरचं दही

सगळ्यात आधी टपकली शेजारची शकू. माझी बॅग अजून कॉटवर उघडीच. "काकू, इंग्लंडला चाललात म्हणे! स्वेटर घेतला का?" अगं बाई, दुबईतलं इंग्लंड! तिथे इंटरनॅशनल सिटी म्हणून भाग आहे, त्यातल्या वसाहतींना देशांची नावं दिलीत. आमचा सुहास इंग्लंडमध्ये भाड्याने राहतो.

जायचं ठरलं ते ह्यांच्यामुळे. हे अंथरुणाला खिळलेले, आणि एकच धोशा, सुहासला बघायचंय. तो फोनवर नुसतं "बघतो, बघतो." म्हटलं, मीच जाऊन घेऊन येते. ह्यांच्यापाशी नणंदेला बसवलं आणि पुण्याहून विमानात चढले. तुम्ही जाल तर चटणी मोठ्या बॅगेत टाका, हातातली उघडून बघतात.

इंग्लंड बघून मला हसूच फुटलं. एक गोरा दिसेल तर शपथ! खाली मलबाऱ्याची ग्रोसरी, फोन केला की एक लिंबूसुद्धा वर पाठवतो. न्हावी आहे, लाँड्री आहे, दवाखाना आहे. बसला कार्ड लागतं, रोख चालत नाही. गावाचा इतिहास विचारला तर सुहास म्हणाला, "आई, आधी वाळू होती. झाला इतिहास." नात ईशा म्हणाली, "आजी, इट्स नॉट रिअल इंग्लंड." मला तर खरंच वाटलं हो, खिडकीत बसून चहा पिताना.

सुट्टीच्या दिवशी बर दुबईला गेलो. खाडी ओलांडायला लाकडी होडी, अब्रा म्हणतात. एक दिरहम, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. वारा काय सुंदर! तिथेच विषय काढला.

"आई, नवी नोकरी आहे. आत्ता रजा मागितली तर खलास."

"आणि तुझे बाबा थांबतील?"

 

निघायच्या दिवशी सून स्मिता माझ्या हातावर दही घालायला आली. म्हटलं, "मला कशाला? मी घरीच चाललेय. परत यायचंय ते ह्याला." फ्रीजमधली पांढरी बाटली मीच उचलली आणि सुहासच्या तळहातावर ओतली. ते निघालं लबन, म्हणजे आपलं ताक! बोटांतून गळून सगळं शर्टावर.

"आई, काय हे!" म्हणून हसला, तळहात चाटला. मग हसायचा थांबला.

घरी आले तर हे दाराकडेच बघत होते. माझ्या मागे कोणी नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड केलं. इंग्लंड कसं होतं, विचारलंसुद्धा नाही. शकूने विचारलं, तिला सगळं सांगितलं. होडीचं दोनदा सांगितलं.

डॉक्टर ह्यांच्याबद्दल गणपतीच्या पुढचं काही बोलत नाहीत. सुहासचा काल फोन आला, तिघंही येतायत, इन्शाल्ला म्हणाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला.