हात राखून दिलेला डोस

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "सुजाता गेली," तिचे यजमान म्हणाले. कॅन्सर आहे हे ठाऊक होतं, तरी मी त्यांच्यावरच ओरडले, "अहो, काहीतरी काय बोलता!" महिना उलटला त्याला. आमची मैत्री तशीच होती... मी ओरडायचे आणि ती ऐकून घ्यायची.

कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढं ती एमआरआय वगैरे तपासण्यांची डॉक्टर झाली, मी चिकलठाण्याला शाळेत शिकवायला लागले. पण खरी सुजाता मला कळली ती माझा थोरला भाऊ तिच्याकडं तपासणीला आला तेव्हा. दादा सोयगावला शेती करतो, तरुणपणी पैलवान. एका सकाळी त्याचा हात लुळा पडला, जीभ जड झाली. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली असणार, ऑपरेशनआधी ती नीट दिसायला हवी, म्हणून शिरेतून औषध सोडून एमआरआय करायचा होता. पण ते औषध शरीराबाहेर टाकते किडनी, आणि दादाची किडनी आधीच कमजोर.

डोस वजनावर ठरतो. वजन विचारलं तर या गड्यानं अडखळत, पण छाती काढून, आखाड्यातलं वजन सांगितलं! सुजातानं त्याला काट्यावर उभं केलं. काटा पार खालीच थांबला. दादा ओशाळला.

"सगळे पैलवान असंच सांगतात," ती हसली. "पण तेवढं औषध तुमच्या किडनीला झेपलं असतं का, दादा?" आणि खऱ्या वजनाला बसतं त्याहूनही कमी औषध तिनं काढलं. झालं, माझं डोकं फिरलं. "माझ्याच भावाच्या वेळी हात आखडला व्हय तुझा? काही दिसलंच नाही तर?"

"शोभे, गप बस जरा. जास्त दिलं म्हणजे जास्त दिसतं असं नाय. औषध मानेत पोचलं की त्याच क्षणी फोटो निघाला पाहिजे. उशीर झाला की शेजारच्या शिराही उजळतात, मग सगळा गोंधळ."

"दारं... धरल्यागत," दादा कसाबसा बोलला. दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, पाणी वाफ्यात शिरतं तेव्हा माणूस फावडं घेऊन तिथंच पाहिजे, नाहीतर कितीही सोडा, वायाच!

"व्हय दादा, अगदी तस्संच!" सुजाता लई खूश झाली.

आधी तिनं नावाला थोडंसं औषध सोडून ते मानेत कधी पोचतं ते पाहिलं, मग उरलेलं दिलं. मी बाहेर देवाला हात जोडत होते आणि तिला शिव्या घालत होते. शेवटी तिनं मला पडद्यासमोर नेलं. रक्तवाहिनी लख्ख दिसत होती, एका जागी चिमटल्यासारखी. "दिसली ना, बाई?" मी तिच्या गळ्यात पडून रडले. ऑपरेशन झालं, किडनीही टिकली.

परवा तिच्या सेंटरवर शोकसभा झाली. मोठमोठी माणसं मोठमोठं बोलली. तेवढ्यात मागून दादा उठला. मी त्याचा सदरा ओढत होते, पण ऐकतोय कुठं!

"आमच्याकडं पाव्हण्याला कमी वाढलं तर अपमान असतोय," तो म्हणाला. "ह्या बाईनं मला हात राखून वाढलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभा राहून बोलायलोय."

एवढं सगळं बोलला, पण त्याची जीभ एकदाही अडखळली नाही.